क्रूसाचें प्रयोजन

येशू ख्रिस्ताचें मरण आवश्यक होतें असें ज्यांनीं ज्यांनीं प्रतिपादिलें त्यांत त्याच्या शिष्यांबरोबर त्याचा एक प्रबळ विरोधकहि आहे, ही गोष्ट बहुधा आपल्या लक्षांत येत नाहीं. योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत यरुशलेमच्या धर्मसभेची एक बैठक वर्णिली आहे. लोक येशूच्या मागें जाऊं लागले आहेत. ह्यांतून कांहीं बंडाळी उद्भवली तर रोमन लोक येऊन आपलें मंदिर आणि आपलें राष्ट्र दोन्ही बुडवितील, अशी सभासदांस धास्ती पडली आहे. तेव्हां कैफा नांवाचा प्रमुख याजक त्यांस व्यवहाराची गोष्ट सांगतो, कीं सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षां एका माणसानें लोकांसाठीं मरावें हेंच हिताचें आहे. हा कैफा कल्पित पुरुष नव्हे. इसवी सन १८ च्या सुमारापासून ३६ पर्यंत तो त्या पदावर होता, आणि रोमन अधिकाऱ्यांच्या मर्जीवांचून त्या काळीं त्या पदावर कोणास राहतां येत नसे. त्याचें वाक्य मुरलेल्या मुत्सद्द्याचें आहे. परंतु शुभवर्तमानकार लगेच म्हणतो, कीं हें तो आपल्या मनचें बोलला नाहीं; नकळत त्याच्या मुखांतून भविष्यवाणी निघाली. शब्द तेच, पण एका अर्थानें तें एका खुनाचें समर्थन, आणि दुसऱ्या अर्थानें सर्व ख्रिस्ती धर्माचें सार! ह्या दोन अर्थांमधील अंतर कशानें ओळखावें, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांना एकोणीस शतकांहून अधिक काळ छळीत आला आहे. त्याचाच इतिहास संक्षेपानें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्त कोण, ह्याविषयीं ख्रिस्ती मंडळीनें नीसिया येथें ३२५ सालीं, कॉन्स्टंटिनोपल येथें ३८१ सालीं आणि खाल्सेदोन येथें ४५१ सालीं महासभा भरवून निश्चित निर्णय दिले. ह्या वादांत आथानासियससारख्या बिशपाला पांच वेळां हद्दपारी भोगावी लागली. परंतु त्या ख्रिस्ताच्या मरणानें मनुष्याचें तारण होतें तें नेमकें कसें, ह्याविषयीं प्राचीन महासभांनीं असा बांधीव निर्णय कधींच दिला नाहीं. त्यांच्या मतांगिकारांत एवढेंच आहे, कीं तो आमच्यासाठीं पंतय पिलाताच्या अमलांत क्रूसावर खिळला गेला. ‘आमच्यासाठीं’ ह्या एका शब्दावर सर्व भार आहे आणि त्या शब्दाचें विवरण मात्र नाहीं. हें क्षेत्र असें मोकळें राहिल्यामुळें प्रत्येक युगानें, ज्या बंधनाचा त्याला प्रत्यक्ष अनुभव होता त्याच बंधनाच्या भाषेंत ह्या कोड्याचें उत्तर दिलें. गुलामांच्या युगानें तें बाजाराच्या भाषेंत दिलें, सरदारांच्या युगानें मानापमानाच्या भाषेंत, आणि कायदेपंडितांच्या युगानें न्यायकचेरीच्या भाषेंत. उत्तरें बदलत गेलीं. प्रश्न मात्र राहिला.

मूळ घटना काय होती तें आधीं पाहूं. रोमन साम्राज्यांत क्रूसाची शिक्षा गुलाम, लुटारू आणि बंडखोर यांच्यासाठीं राखलेली होती. रोमन नागरिकास ती सहसा देत नसत. इ. स. पूर्वीं ७१ सालीं स्पार्टाकसचें गुलामांचें बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या राजमार्गावर सहा हजार क्रूस उभे केले होते. मारणें हा ह्या शिक्षेचा अर्धाच हेतु. उरलेला हेतु विटंबनेचा होता. यहुदी लोकांच्या दृष्टीनें तर तींत आणखी एक विष होतें. त्यांच्या धर्मशास्त्रांत, झाडावर टांगलेला मनुष्य देवाच्या शापाखालीं असतो, असें वचन आहे. पिलात यहुदियाचा अधिकारी असतांना, म्हणजे २६ ते ३६ ह्या दहा वर्षांत, बहुधा ३० किंवा ३३ सालीं, वल्हांडणाच्या सणांत येशूला ही शिक्षा झाली. त्याच्या डोक्यावर लावलेल्या फळ्यावर ‘यहुद्यांचा राजा’ असा आरोप लिहिलेला होता. रोमन दप्तराच्या दृष्टीनें प्रकरण तेथेंच मिटलें: राजद्रोहाचा एक संशयित, एक शिक्षा, आणि सणाच्या गर्दींत शांतता.

शिष्यांच्या दृष्टीनें मात्र जग तेथेंच कोसळलें. ज्याला ते अभिषिक्त राजा समजत होते तो शापित ठरून मेला. पुढें तो उठला, आपण त्यास पाहिलें, अशी त्यांची खात्री झाली. पण त्यामुळें कोडें सुटलें नाहीं, उलट बिकट झालें. देवानें ज्याला उठविलें त्याला देवानें आधीं असें मरूं कां दिलें? म्हणजे ‘हें आवश्यक होतें’ हा सिद्धान्त प्रथम निघाला आणि मग घटना त्यांत बसविली असा क्रम नाहीं. आधीं घटना, मग लाज, मग शोध, आणि शोधाच्या अंतीं सिद्धान्त असा क्रम आहे. सुमारें ५४ सालीं करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल सांगतो, कीं ख्रिस्त आमच्या पापांसाठीं शास्त्राप्रमाणें मेला, ही शिकवण आपणांस पूर्वींच्यांकडून मिळाली. घटनेपासून पंचवीस वर्षांच्या आंत हा अर्थ स्थिर झाला होता. त्याच पत्रांत तो हेंहि कबूल करतो, कीं क्रूसावर मेलेला ख्रिस्त हा यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. दुसऱ्या शतकांत जस्टिन नांवाच्या तत्त्वज्ञानें ट्रिफो नामक यहुद्याशीं झालेला संवाद लिहिला. त्यांतहि ट्रिफोची मुख्य अडचण हीच आहे. अभिषिक्तानें दुःख भोगावें हें तो शास्त्राधारें मान्य करण्यास तयार आहे. शापित मरणानें मरावें, हें त्यास पटत नाहीं.

शिष्यांनीं जो शोध केला तो त्यांच्याच शास्त्रांत केला, आणि तेथें त्यांस तीन आधार सांपडले. पहिला यशयाच्या ग्रंथांतील त्या दुःखी सेवकाचा, जो इतरांचे अपराध आपल्यावर घेऊन मुकाट्यानें मरणास जातो. दुसरा वल्हांडणाच्या कोंकऱ्याचा, ज्याच्या रक्ताच्या खुणेनें इस्राएल लोक मिसरांतील दास्यांतून निसटले. तिसरा आधार अलीकडच्या इतिहासाचा होता. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत अंतियोख राजाच्या छळांत जे धर्मनिष्ठ यहुदी मेले, त्यांच्या मरणानें राष्ट्राच्या पापाचें क्षालन झालें, ही भावना यहुदी वाङ्मयांत उमटली होती. एकाच्या दुःखानें अनेकांचें कल्याण होतें हा विचार अशा रीतीनें ख्रिस्ती लोकांनीं नवा निर्माण केला नाहीं. तो त्यांस वारशानें मिळाला. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें आणि तेथील यज्ञ कायमचे बंद पडले. ज्यांच्या देखत यज्ञवेदी नष्ट झाली त्यांना ‘एकच बलिदान, तें एकदांच आणि सर्वांसाठीं’ हा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांतील विचार किती निकट वाटला असेल, ह्याची कल्पना करितां येते.

ह्याच काळांत एक सोपा मार्ग कांहीं लोकांनीं सुचविला. देव दुःख भोगूं शकत नाहीं. म्हणून ख्रिस्तानें खरें दुःख भोगलेंच नाहीं, तो केवळ भास होता, असें ते म्हणत. ह्या मतानें सर्व अडचणी एका क्षणांत नाहींशा होतात. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं अंत्युखियाचा बिशप इग्नातियस ह्याला सैनिकांच्या पहाऱ्यांत रोमला श्वापदांपुढें टाकण्यासाठीं नेत होते. वाटेंत लिहिलेल्या पत्रांत त्यानें ह्या मताला जो प्रश्न केला तो कोणत्याहि शास्त्रार्थापेक्षां मर्मभेदी आहे: त्याचें दुःख जर भास, तर माझ्या ह्या बेड्या कशासाठीं? मंडळीनें भासाचें मत टाकून दिलें. दुःख खरें होतें हें एकदां पत्करल्यावर तें कशासाठीं होतें हें सांगण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर कायमची येऊन पडली.

पहिलें मोठें उत्तर गुलामांच्या बाजारांतून आलें. मार्काच्या शुभवर्तमानांत येशू म्हणतो, कीं आपण पुष्कळांच्या मुक्तीसाठीं आपला जीव मोबदला म्हणून देण्यास आलों. मराठी शास्त्रभाषांतरांत येथें ‘खंडणी’ हा शब्द आला आहे. आपल्या कानांना त्या शब्दांत मोंगलाई आणि मराठेशाहीच्या स्वाऱ्यांचा आवाज येतो. मूळ ग्रीक शब्दांत गुलाम किंवा युद्धकैदी सोडविण्यासाठीं द्यावयाच्या रकमेचा आवाज होता. तो अनुभव अगदीं रोजचा होता. सुमारें २५३ सालीं आफ्रिकेंतील टोळ्यांनीं कांहीं ख्रिस्ती लोक पळवून नेले, तेव्हां कार्थेजचा बिशप सिप्रियन ह्यानें आपल्या मंडळीकडून एक लक्ष सेस्टर्स जमवून त्यांच्या सुटकेसाठीं पाठविले. ३७८ सालच्या आड्रियानोपलच्या पराभवानंतर गॉथ लोकांनीं धरून नेलेल्यांस सोडविण्यासाठीं मिलानचा बिशप आंब्रोज ह्यानें देवळांतील पवित्र पात्रें वितळविलीं. ज्या मंडळीनें कैद्यांसाठीं खरोखर पैसे मोजले, तिला आपल्या स्वामीनें आपल्यासाठीं प्राण मोजला हें सांगावें लागत नव्हतें.

परंतु दृष्टान्त ताणला कीं तुटतो. ही किंमत दिली कोणाला? तिसऱ्या शतकांत ओरिगेननें हा प्रश्न उघडपणें विचारला आणि उत्तर दिलें, कीं देवाला नव्हे, सैतानाला. कारण मनुष्य त्याच्या ताब्यांत होता. मात्र निष्पाप आत्मा आपल्या हातीं ठेवणें सैतानाला झेपलें नाहीं. चवथ्या शतकांत निस्साच्या ग्रेगरीनें ह्याला एक चित्ररूप दिलें: मानवी देह हें आमिष, त्यांत दडलेलें देवत्व हा गळ, आणि आमिषाला भुलून सैतानरूपी मासा तो गिळून बसला. सामान्य जनांना हें चित्र आवडलें. पण त्याच पिढींतील दुसरा ग्रेगरी, नाझियान्झसचा, संतापला. चोराला आपल्या चोरीबद्दल देवाकडून मोबदला मिळावा, हें त्यास लाजिरवाणें वाटलें. बरें, किंमत पित्याला दिली म्हणावें, तर आपण पित्याचे कैदी कोठें होतों? आणि ज्या देवानें अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळी घेतला नाहीं, त्याला स्वतःच्या पुत्राचें रक्त आवडलें असें कसें म्हणावें? त्याच्या ह्या प्रश्नांना त्याच्या काळांत पुरतें उत्तर मिळालें नाहीं. पुढच्या सर्व वादांचें बीज मात्र त्यांत पडलें.

ग्रीक भाषिक मंडळीचा मुख्य कल निराळ्या दिशेला होता. तिच्या मतें मनुष्याचें मुख्य संकट अपराध हें नसून मरण हें होतें. आथानासियसनें ‘शब्दाचें देहधारण’ ह्या विषयावरील आपल्या लहानशा ग्रंथांत असें मांडलें आहे, कीं जीवन स्वतः मरणाच्या घरांत शिरल्याशिवाय मरणाचा अंमल मोडणें शक्य नव्हतें. तेथें तो कांहीं साधे, पण कोणाच्याहि मनांत येणारे प्रश्न घेतो. मरावयाचेंच होतें तर अंथरुणावर शांतपणें कां मेला नाहीं? त्याचें उत्तर, कीं आजारानें मरणारा दुर्बळ ठरता; आणि एकांतांत आलेल्या मरणाला साक्षीदार नसते, मग पुनरुत्थानावर विश्वास कोणी ठेवला असता? मानाचें मरण कां निवडलें नाहीं? कारण आपल्या सोयीचा प्रतिस्पर्धी निवडणारा मल्ल खरा मल्ल नव्हे. शत्रूंनीं जें हीनांत हीन मरण शोधून काढलें तेंच त्यानें जिंकून दाखविलें. आणि हात पसरलेल्या स्थितींतच मनुष्य दोन्हीकडील लोकांस कवटाळूं शकतो. ह्या सर्व विवेचनांत देवाचा क्रोध शांत करावयाचा आहे असा सूर कोठेंहि प्रधान नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

सातशें वर्षांनंतर पश्चिमेकडे ह्या प्रश्नाला जें वळण लागलें त्याचा कर्ता आन्सेल्म हा होय. इटलीच्या उत्तरेस आओस्ता येथें १०३३ च्या सुमारास त्याचा जन्म झाला, नॉर्मंडींतील बेक येथील मठांत तो संन्यासी झाला, आणि १०९३ सालीं मनाविरुद्ध इंग्लंडांतील कँटरबरीचा आर्चबिशप झाला. राजा दुसरा विल्यम ह्याच्याशीं वितुष्ट येऊन १०९७ मध्यें त्यानें देश सोडला. आणि पुढच्या वर्षीं दक्षिण इटलींत कापुआजवळच्या एका डोंगरी खेड्यांत बसून त्यानें ‘देव मनुष्य कां झाला?’ हा ग्रंथ पुरा केला. ज्या कापुआपासून एके काळीं सहा हजार क्रूसांची रांग निघाली होती, त्याच कापुआच्या परिसरांत क्रूसाचें प्रयोजन सांगणारा हा ग्रंथ सिद्ध व्हावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग आहे.

हा ग्रंथ आन्सेल्म आणि त्याचा शिष्य बोसो यांच्या संवादाच्या रूपानें आहे. बोसो हा होयबा शिष्य नव्हे. अविश्वासी लोक जें विचारतात तेंच तो विचारतो: देव सर्वशक्तिमान आहे, तर त्यानें केवळ इच्छामात्रेंकरून क्षमा कां केली नाहीं? एका निर्दोष माणसास मरूं दिल्यावांचून अपराध्यास सोडतां येत नाहीं, असा देव एक तर असमर्थ ठरतो किंवा अन्यायी ठरतो. आन्सेल्म प्रथम सैतानाचा हक्क ही कल्पनाच निकालांत काढतो. चोर आणि पळालेला दास ह्या दोघांवरहि धन्याचीच सत्ता असते. मग तो आपली मांडणी करतो. देवाला जें देणें आहे तें न देणें म्हणजे पाप. त्यानें देवाच्या मानाची हानि होते. देव स्वतः दुखावतो असें नव्हे. पण विश्वाची सुव्यवस्था बिघडते, आणि ती तशीच राहूं देणें देवास शोभत नाहीं. म्हणून एक तर भरपाई झाली पाहिजे किंवा शिक्षा झाली पाहिजे. भरपाई मनुष्यानें केली पाहिजे, कारण देणें त्याचें. पण तो ती करूं शकत नाहीं, कारण त्याच्याजवळ जें जें आहे तें सर्व आधींच देवाचें आहे. देव ती करूं शकतो, पण देणें त्याचें नाहीं. म्हणून जो देवहि आहे आणि मनुष्यहि आहे त्यानेंच ती केली पाहिजे. असा पुरुष निष्पाप असल्यामुळें मरण हें त्याच्यावरचें ऋण नव्हतें. तें त्यानें आपण होऊन दिलें, म्हणूनच त्याचें मोल अपार.

आन्सेल्मवर पुढें पुष्कळ टीका झाली, कीं त्यानें देवाला मानापमानानें चिडणारा सरदार बनविलें. त्याच्या काळीं अपमानाचें माप अपमानिताच्या दर्जावरून ठरत असे, आणि त्याची छाया ह्या मांडणीवर पडली आहे हें नाकारतां येत नाहीं. परंतु दोन गोष्टी टीकाकार विसरतात. त्याच्या सूत्रांत ‘भरपाई किंवा शिक्षा’ असा पर्याय आहे. ख्रिस्तानें भरपाई केली, म्हणजे त्याला शिक्षा झाली असें तो म्हणतच नाहीं. दुसरें असें, कीं पित्यानें पुत्राला मरणास भाग पाडलें हें तो स्वच्छ नाकारतो. पुत्रानें शेवटपर्यंत सत्य आणि न्याय सोडला नाहीं; ते न सोडल्यामुळें लोकांनीं त्यास मारलें. गेथशेमाने येथील बागेंत येशूनें, शक्य असेल तर हा प्याला टळो, अशी प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेचा अर्थ लावणें प्रत्येक सिद्धान्तकाराला जड गेलें आहे. आन्सेल्मनेंहि तिच्याशीं झुंज घेतली, आणि बळजबरी व स्वेच्छा ह्यांतील भेद त्या झुंजींतूनच स्पष्ट केला.

आन्सेल्मच्या ग्रंथाला चाळीस वर्षें होतात न होतात तोंच पीटर आबेलार ह्यानें रोमकरांस पत्रावरील आपल्या भाष्यांत त्याच्या मुळावर घाव घातला. एका सफरचंदाच्या पापासाठीं जर एवढी भरपाई लागली, तर ख्रिस्ताला मारण्याच्या पापासाठीं केवढी लागेल? आणि निर्दोषाचें रक्त कोणी किंमत म्हणून मागावें, हें किती क्रूर! आबेलारच्या मतें बदल देवांत घडवावयाचा नव्हताच. तो मनुष्यांत घडवावयाचा होता. क्रूसावर दिसलेल्या प्रेमानें मनुष्याचें अंतःकरण पेटतें, आणि भयाच्या जागीं प्रीति येते, हेंच तारण. क्लेर्व्होचा बर्नार्ड ह्याला ही शिकवण अपुरी व घातक वाटली, आणि ११४०-४१ च्या सुमारास सांस येथील धर्मसभेंत आबेलारचीं अनेक मतें दोषी ठरलीं. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनसनें दोघांमधून मार्ग काढला. त्याच्या मतें देवावर कोणाची सत्ता नसल्यामुळें भरपाई न घेतां क्षमा करण्यांत कांहींच अन्याय झाला नसता. म्हणून हें मरण निरपेक्ष अर्थानें आवश्यक नव्हतें. परंतु मनुष्याला देवाची प्रीति कळावी आणि नम्रता, धैर्य, न्याय यांचा कित्ता मिळावा, ह्यासाठीं ह्याहून अधिक उचित मार्ग नव्हता. ‘आवश्यक’ हा शब्द अशा रीतीनें मध्ययुगांतील सर्वांत मोठ्या पंडितानेंच सौम्य करून ‘उचित’ असा केला.

सोळाव्या शतकांत तो शब्द पुन्हा कडक झाला. जॉन कॅल्व्हिन हा फ्रान्सांत कायदा शिकलेला मनुष्य. येशूला लुटारूंनीं मारलें असतें किंवा जमावानें ठार केलें असतें तर त्या मरणानें आपलें काम झालें नसतें, असें तो लिहितो. न्यायासनापुढें उभें राहून, साक्षीपुरावा होऊन, न्यायाधीशाच्या तोंडून दंडाज्ञा होणें अवश्य होतें, कारण तो अपराध्यांच्या जागीं उभा होता. आन्सेल्मनें जो ‘किंवा’ मध्यें ठेवला होता तो येथें नाहींसा झाला: आतां भरपाई म्हणजेच शिक्षा, आणि ती ख्रिस्तानें आमच्याऐवजीं भोगली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या मोठ्या भागांत हाच अर्थ रूढ झाला.

ह्याला अत्यंत तर्कशुद्ध विरोध फाउस्टस सोसिनस ह्या इटालियन पंडितानें केला. त्याचा ग्रंथ १५९४ सालीं पोलंडांत छापला गेला. कर्ज एक तर माफ होतें किंवा फेडलें जातें. दोन्ही एकदम होत नाहींत. मग देवानें क्षमा केली ह्या म्हणण्याला अर्थ काय? पैशाचें कर्ज दुसऱ्यानें फेडलें तर चालतें, पण गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्यानें भोगली तर तो न्याय नव्हे. ह्या मतांपायीं १५९८ सालीं क्राकाव येथें जमावानें त्याच्या घरावर हल्ला केला. डच न्यायशास्त्री ह्यूगो ग्रोशियस ह्यानें १६१७ सालीं त्यास उत्तर दिलें, कीं देव येथें सावकाराच्या नव्हे, राज्यकर्त्याच्या नात्यानें वागतो. कायद्याचा मान राहावा म्हणून राज्यकर्ता शिक्षेचें स्वरूप बदलूं शकतो, पण कायदा मुळींच मोडूं देत नाहीं.

सोसिनसचा आक्षेप मराठी वाचकास परका वाटणार नाहीं. ज्याचें कर्म त्यालाच फळ, हें तत्त्व ज्या समाजाच्या हाडींमांसीं खिळलें आहे, त्याच्या मनांत पहिला प्रश्न हाच येतो. ग्रोशियसच्या ग्रंथाच्या एकच वर्ष आधीं, १६१६ सालीं, गोमंतकांत राचोल येथें इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स ह्याचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपींत छापलेला होता. पुराणाच्या पद्धतीनें श्रोते शंका विचारतात आणि गुरु उत्तर देतो, अशी त्याची ठेवण आहे; युरोपांत जें वादग्रंथांत चाललें होतें तें येथें ओवींत आलें. पण हा ग्रंथ ज्या साष्टी प्रांतांत रचला गेला तेथील देवळें पोर्तुगीज सत्तेनें १५६७ सालीं पाडलीं होतीं, हेंहि विसरतां कामा नये. ज्या क्रूसावर एक निःशस्त्र मनुष्य राज्यसत्तेच्या हातून मेला, तोच क्रूस राज्यसत्तेच्या हातांत गेल्यावर त्याचा अर्थ श्रोत्यांना काय वाटला असेल?

ह्या विपर्यासाची सर्वांत भयंकर साक्ष ह्याहून जुनी आहे. आन्सेल्म आपल्या ग्रंथांत गुंतला होता त्याच काळांत, १०९६ सालीं, पहिल्या धर्मयुद्धास निघालेल्या टोळ्यांनीं ऱ्हाइन नदीकांठच्या वर्म्स, माइंट्स इत्यादि नगरांत यहुद्यांची कत्तल केली. ख्रिस्ताच्या रक्ताचा सूड घेण्यासाठीं दूर कशाला जावें, त्याला मारणारे येथेंच आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या मरणाला धर्म आपल्या तारणाचें कारण म्हणतो, त्याच मरणाबद्दल हजार वर्षांनंतरच्या निरपराध माणसांना ठार मारावयाचें! सिद्धान्ताचा एवढा धडधडीत भंग दुसरा नसेल. ट्रेंट येथील सभेनंतर १५६६ सालीं निघालेल्या प्रश्नोत्तरग्रंथानें, येशूच्या मरणाचा दोष यहुद्यांपेक्षां पाप करणाऱ्या ख्रिस्ती लोकांकडेच अधिक आहे, असें स्पष्ट लिहिलें. तरीहि विष मुरलेलेंच राहिलें. यूरोपांत साठ लक्ष यहुद्यांचा संहार झाल्यानंतर, १९६५ सालीं, दुसऱ्या व्हॅटिकन सभेनें जाहीर केलें, कीं त्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादतां येत नाहीं.

विसाव्या शतकांत प्रश्नाला पुन्हा नवीन वळण मिळालें. स्वीडिश पंडित गुस्ताफ औलेन ह्यानें १९३१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत, न्यायकचेरीची भाषा मागाहूनची असून, मरण आणि पाप यांवरील विजय हीच मूळ कल्पना होय, असें प्रतिपादिलें. दीट्रिख बोन्हॉफर हा जर्मन धर्मोपदेशक हिटलरविरुद्धच्या कटांत सामील होता. दुःख भोगणारा देवच मनुष्याला साहाय्य करूं शकतो, असें त्यानें १९४४ सालीं तुरुंगांतून लिहिलें, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं त्याला फाशी झाली. येथें दुःखाची आवश्यकता देवाच्या न्यायासाठीं नाहीं कीं सैतानाच्या हिशेबासाठीं नाहीं. जे दुःखांत आहेत त्यांच्यापर्यंत पोंचण्याचा दुसरा मार्ग नाहीं म्हणून आहे. इग्नातियसच्या बेड्यांपासून बोन्हॉफरच्या फांसापर्यंत हा एक धागा अखंड आहे, आणि तो पंडितांनीं नव्हे, कैद्यांनीं विणला आहे.

ह्या दीर्घ इतिहासाचें तात्पर्य काय? प्रत्येक उपपत्ति तिच्या युगाबरोबर जुनी झाली. खंडणी कोणाला दिली हें ओरिगेनला धड सांगतां आलें नाहीं. मानाची भरपाई आज कोणी मागत नाहीं. आणि एकाची शिक्षा दुसऱ्याला देणारी कचेरी आपण न्यायाची मानणार नाहीं. परंतु ह्या सर्वांच्या तळाशीं एक अनुभव आहे, कीं मनुष्य जेथें अडकला आहे तेथून तो स्वतःच्या बळानें सुटत नाहीं, आणि त्याला सोडविणाऱ्याला कांहीं तरी मोजावें लागतें. हा अनुभव जोंवर खोटा ठरत नाहीं तोंवर हा प्रश्नहि मरणार नाहीं.

आतां कैफाकडे परत येऊं. त्याच्या वाक्यांत आणि धर्माच्या वाक्यांत शब्दांचा भेद नाहीं. भेद आहे तो बोलणाऱ्याच्या जागेचा. कैफा दुसऱ्याच्या मरणाची आवश्यकता सांगतो, स्वतः सुरक्षित राहून सांगतो, आणि घटना घडण्यापूर्वीं ती घडावी म्हणून सांगतो. राष्ट्रासाठीं, शांततेसाठीं, धर्मासाठीं एकाला मरूं द्यावें, असें म्हणणारे त्याचे वंशज प्रत्येक शतकांत आणि प्रत्येक धर्मांत निपजले आहेत; ऱ्हाइनकांठीं तेच होते. उलट येशू स्वतःच्या मरणाविषयीं बोलतो, तें टळावें अशी आधीं प्रार्थना करतो, आणि मग आपण होऊन पुढें जातो. दुसऱ्याचें दुःख आवश्यक आहे असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. माझें दुःख तुझ्यासाठीं आवश्यक असेल तर तें मी घेईन, एवढेंच कोणास म्हणतां येतें. ख्रिस्ती धर्मानें ज्या ज्या वेळीं हा भेद राखला त्या त्या वेळीं क्रूस तारक झाला, आणि जेव्हां जेव्हां तो विसरला तेव्हां तोच क्रूस इतरांना मारण्याचें हत्यार झाला.